मोहाखालचा पाला

त्या चैत्रातील प्रकरण माझ्या स्मरणातून अद्याप हललेले नाही. निवृत्तीनंतर कित्येक गुन्ह्यांचे तपशील पुसट झाले. याचे झाले नाहीत. कोणाचेही नाव न घेता ते नोंदवीत आहे.

नागभीडच्या बाजूला, जंगलालगतच्या एका ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो. पत्नी निवर्तल्यानंतरचे ते माझे पहिले वर्ष. क्वार्टरमध्ये बोलायला कोणी नसे, म्हणून पूजा आटोपून मी सकाळी सातलाच ठाण्यात येऊन बसे. अशाच एका सकाळी ग्रामीण रुग्णालयातून सूचना आली: पस्तिशीची विवाहिता भाजली आहे, पती सोबत आहे, पुढील उपचारांसाठी तिला नागपूरला रवाना केले आहे. नायब तहसीलदारांनी घेतलेल्या जबाबात ती म्हणाली होती, चूल पेटवताना भडका उडाला.

तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ ठाण्यात आला.

"साहेब, चूल-बिल काई नाई. मोहाच्या दिवसात कोन्या घरी सकाळी चूल पेटते? सारा गाव पहाटेच रानात जाते फुलं वेचाले. माह्या बहिणीले तिच्या नवऱ्यानंच जाळलं."

तो सांगत होता ती रीत खरी होती. गावात चौकशी केली, तर घराघरांतून एकच उत्तर आले, "चुलीनं जळली, साहेब." शब्दही तेच, क्रमही तोच. पढवलेले उत्तर कसे ऐकू येते, हे वेदपाठशाळेत वाढलेल्या माझ्यासारख्याला वेगळे सांगावे लागत नाही. माझा संशय दृढ झाला.

मी पतीला नागपूरहून बोलावून घेतले. अटकेइतका पुरावा नव्हता. म्हणून रोज सकाळी ठाण्यात हजर व्हावे, सायंकाळी घरी जावे, तालुका सोडू नये, असे बजावले. तो दोन्ही हात खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून बाकावर बसे. विचारले की तोही म्हणे, चुलीनं जळली. चहा ठेवला तर कपाला स्पर्श करीत नसे. आमचा हवालदार त्याच भागातला. तो टोमणे मारी.

"काऊन गा, सासुरवाडीत आला का? चहाले लाजून राह्यला!"

"नको, भाऊ," एवढेच तो म्हणे.

मी हा कोडगेपणा समजलो. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी पुरवणी जबाबासाठी मी नागपूरच्या रुग्णालयात गेलो. प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरबाईंनी मला आधी गाऊन आणि मास्क घालायला लावला.

"चुलीचा भडका तोंडावर, छातीवर येतो," त्या म्हणाल्या. "हिचा चेहरा स्वच्छ आहे. आग पावलांपासून गुडघ्यांपर्यंत चढली आणि हात भाजले ते विझवताना. पहिल्या दिवशी जखमा धुतल्या, तेव्हा जळक्या पानांचा चुरा निघाला."

"रॉकेल?"

"वाससुद्धा नव्हता. पण माझी चिंता वेगळी आहे, साहेब. मांडीची त्वचा काढून पायांवर आणि हातांवर लावली, ती धरलीही. आता बोटं दिवसातून अनेकदा हलक्या हातानं सरळ करावी लागतात. नाहीतर नवी त्वचा आखडते आणि मूठ मिटते. आमचा व्यायाम करवणारा माणूस दिवसातून एकदा येतो. बाकीच्या वेळी घरचं कोणी लागतं. भाऊ दोन दिवस राहून गेला. हिचा नवरा कुठे आहे?"

मी मास्क सारखा करून आत वळलो.

खाटेजवळचे स्टूल रिकामे होते. मी त्यावर बसलो. "बाई, पाने कुठली?" असे विचारले. पानांचे नाव निघताच तिने सारे सांगून टाकले.

"मोहाखालची. फूल दिसाले पाहिजे म्हनून झाडाखालचा पाला पेटवला. सारेच पेटवतेत. वारा फिरला, लुगडं पेटलं अन् आग रानात गेली. जंगलवाले केस करतीन, गावाचा मोह बंद करतीन, म्हनून साऱ्यायनं मिळून चूल सांगाची ठरवली. त्यानं माही आग हातानंच विझवली, साहेब. त्याचे हात नाई पाह्यले तुमी?"

नाही. पाहिले नव्हते.

"त्याले इथी धाडा. मले बोलाले कोनी नाई. बोटं मिटून राह्यली."

मी वऱ्हांड्यातून ठाण्याला फोन लावला आणि हवालदाराला दुपट्टा सोडवून पाहायला सांगितले. काही क्षणांनी त्याचा आवाज आला. त्यात टोमणा उरला नव्हता. "साहेब, दोनी तळवे सोलले. पुसापुशी होईन म्हनून दवाखान्यात दाखवले नाई म्हन्ते. झाडपाला बांधला होता, त्यात पू झाला. यानं कप कसा धरला असता?"

त्याच दुपारी त्याला आमच्या गाडीने नागपूरला पाठवले. त्याचेही तळवे तेथेच बरे झाले. भावाची तक्रार निकाली निघाली. वणव्याची माहिती वन विभागाला देणे भाग होते, दिली. गुन्हा त्या दोघांपुरता नोंदला गेला, गावाचा मोह बंद झाला नाही.

पुढे डॉक्टरबाईंनी बोटे मोकळी करण्याची शस्त्रक्रिया केली. डावा हात सुटला. उजव्याची अनामिका आणि करंगळी मात्र वाकलेलीच राहिली. "ते सुरुवातीचे दिवस फार मोलाचे होते," एवढेच त्या म्हणाल्या.

नियमाविरुद्ध मी काहीही केले नव्हते. खोटे बोलणारा माणूस अपराध लपवतो, हेच मला शिकवले गेले होते. तो साऱ्या गावाची भीती पदरात घेऊन बसलेला असू शकतो, हे त्या बाकाने शिकवले. आणि रिकाम्या घराचा अर्थ मला त्या वर्षी रोज कळत असूनही, जळलेल्या एका स्त्रीवर तेच एकाकीपण मी अकरा दिवस लादले.

जप आम्ही उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर मोजतो. तो अनामिकेवरून सुरू होतो आणि करंगळीकडे वळतो. रोज सकाळी तेथवर आलो की माझा अंगठा थांबतो.