पेटी पाहण्याचा कार्यक्रम

माझी पहिली नोकरी ऊन विकण्याची होती. तीही चिखलीत, आणि भर मे महिन्यात!

म्हणजे कागदोपत्री मी सूर्यचुलीचा विक्रेता होतो. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसल्यावर अकोल्याच्या एका कंपनीने मला नेमलं आणि नमुना म्हणून एक चूल हातात दिली. चूल कसली, आतून काळी रंगवलेली पत्र्याची पेटी! वर काचेचं झाकण आणि ऊन आत पाडायला एक मोठा आरसा. डबे आत ठेवायचे, पेटी उन्हात ठेवायची, तीन तासांत जेवण तयार. बाबा एस.टी.त कंडक्टर. त्यांनी पेटी चारही बाजूंनी पाहिली आणि विचारलं, "याच्यात अंडे उबवतेत का बे?"

पंधरा दिवसांत एकही पेटी खपली नाही. अशात माझ्या बहिणीला, शोभाला, पाहायला मलकापूरहून पाहुणे येणार असं ठरलं. मुलाच्या वडिलांचं गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान. म्हणजे गावोगावच्या लोकांची रोज ये-जा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. (तो पडायला नको होता.)

"आई, पाहुण्यांचा सैपाक माह्या पेटीत!"

"काऊन? माहा स्टोव्ह मेला का?"

"एकदा त्यांनी पाह्यलं की मलकापूरच्या साऱ्या ऑर्डरी आपल्या!"

"अन् नाई शिजलं तं?"

"मे महिन्यात? अवं, दगड ठेव, दगड शिजते!"

परतीचे दोर कापावेत म्हणून मी घरातली रॉकेलची शेवटची बाटली शेजारच्या वत्सलाकाकूंना देऊन टाकली. पाहुण्यांना भूक राहावी म्हणून पोहेही रद्द करवले.

सकाळी दहाला वरण, भात आणि वांगी तीन डब्यांत भरून पेटी गच्चीवर मांडली. अकराला मुलगा, त्याचे वडील आणि आई आले. सरबताचे पेले खाली ठेवतात न ठेवतात तोच मी तिघांना वर नेलं. झाकण उघडलं. "लावून पाहा हात!"

"हाव बाप्पा, तापलं की!" मुलाचे वडील म्हणाले.

मी खूश! दहा मिनिटांनी पुन्हा उघडलं. मग शेजारी आले, त्यांच्यासाठी उघडलं. त्यांचे जावई आले, त्यांच्यासाठी उघडलं. (झाकण बंद राहिलं तरच अन्न शिजतं, हे माहितीपत्रकातलं वाक्य मीच मोठ्याने वाचून दाखवत होतो. झाकण हातात धरून!) मुलाच्या आईने आरशात पाहून कुंकू नीट केलं, मुलाने भांग पाडला. बारापर्यंत सगळी गल्ली पेटीभोवती कडं करून उभी. पेटीवर उन्हाचा कवडसा म्हणून शिल्लक नव्हता, आणि मी मात्र गर्दी मोजत होतो.

दीड वाजता मुलाच्या वडिलांनी चमचाभर वरण तोंडात टाकलं. कट्‌कन आवाज आला.

"काहो, ही दाळ शिजून राह्यली का भिजून राह्यली?"

गल्ली खो खो हसली. आई जिन्यातून कडाडली, "रॉकेल कुठी गेलं रे?"

मी आभाळाकडे पाहिलं. गर्दीतून वत्सलाकाकू मोठ्या आनंदाने म्हणाल्या, "माह्याकडं हाये ना! म्हणजे होतं. त्याच्यावर पापड्यांच्या पिठाचा घाटा शिजवला आज."

मुलाच्या वडिलांनी घड्याळ पाहिलं. "चला, तीनची गाडी सापडन." बाबांचा चेहरा उतरला. पाहुणे निघाले होते, आणि शोभाला अजून कोणी पाहिलंही नव्हतं! बिचारी अकरापासून नवी साडी नेसून आतल्या खोलीत बसली होती.

तेवढ्यात तीच वर आली. पदर खोचलेला.

"दादा, हो बाजूले! अन् तुम्ही सारे पेटीवर सावली काऊन पाडून राह्यले? उतरा खाली!" मग मुलाच्या वडिलांकडे वळून, "काका, तुम्ही बी."

मोडलं लग्न, मी मनात म्हणालो. पण काका मुकाट्याने जिना उतरले. मागून बाबांचा कंडक्टरी आवाज, "चला, चला, उतरून घ्या!"

शोभाने झाकण लावलं, आरसा सूर्याकडे वळवला आणि जिन्याच्या तोंडाशी पहाऱ्याला बसली. पहारा माझ्यावर! तीनची गाडी गेली. साडेतीनला डबे खाली आले. वरण एकजीव, भात मोकळा, वांगी लोण्यासारखी. पाहुण्यांनी तीनतीनदा वाढून घेतलं. चव होती की भूक, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

हात धुऊन मुलाची आई म्हणाली, "पंचवीस वर्षांत माह्या सांगण्यानं हे जागचे हलले नाईत. हिच्या एका शब्दावर जिना उतरले! पोरगी पसंत हाये."

मुलगा कसा वाटला, शोभाला विचारलं. ती म्हणाली, "पेटीवरची सावली पह्यली त्यानंच काढली. चालन."

मग काकांनी मला जवळ बोलावलं. "एक पेटी आमच्याकडं बी पाठवा."

माझी पहिली ऑर्डर! मी लगेच पावतीपुस्तक काढलं. "पाठवतो! अन् शिकवाले मी सोता येतो!"

काकांनी दोन्ही हात जोडले. "तुम्ही नका येऊ, बाप्पा. पेटी एस.टी.च्या टपावर टाकून द्या. शिकवाले पोरगी येऊनच राह्यली."

मुलगी पसंत, पेटी पसंत. नापसंत झाला तो फक्त विक्रेता!