खिशातला फ्यूज

आज ऑफिसातले दिवे दुरुस्त करायला आलेल्या म्हाताऱ्या वायरमनने बोर्डावरचा चिनीमातीचा फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकला. मी विचारलं, "काका, खिशात कशाला?"

"साहेब, मी शिडीवर असताना कुणा शहाण्याने लावला तर?" तो हसला.

मला हसू आलं नाही. माझे आप्पाही वायरमन होते, आणि फ्यूज असाच खिशात ठेवायचे. शिडी चढत-उतरतच त्यांनी मला पदवीपर्यंत नेलं. वीज तोडणारी नवी उपकरणं पुष्कळ आली, पण शिडीवरचा माणूस अजूनही आपला जीव आपल्याच खिशात ठेवतो.

एका दुपारी शेजारच्या सुतारकाकांकडे काम करताना आप्पांच्या छातीत कळ आली आणि ते गेले.

तिसऱ्या दिवशी सुतारकाका आमच्या दारात घुटमळले. "वहिनी, राहिलेलं काम दुसऱ्याने केलंय. आमचा फ्यूज तेवढा दादांच्या खिशात आहे. नवा आणता आला असता, पण मन होईना."

आईने न धुतलेल्या शर्टातून फ्यूज काढला आणि मुठीत घट्ट धरला.

"आई, दे ना," मी म्हणालो.

"माणूस खाली उतरल्याशिवाय फ्यूज लावायचा नसतो. ते नेहमी सांगायचे."

मग ती स्वतःच सुतारकाकांकडे गेली, स्टुलावर चढली आणि तिने फ्यूज बसवला. पंखा फिरू लागला. तीन दिवस न रडलेली माझी आई बोर्डाला कपाळ टेकून म्हणाली, "उतरले हो ते," आणि हमसून रडू लागली.