चिंधी बांधलेले कोबीचे गड्डे

परसात कोबीचा वाफा मोकळा पडला आहे. कडेला आईच्या साडीच्या लाल चिंध्या तेवढ्या आहेत. हा जुना, गोडसर कोबी गावात फक्त आमच्याकडे उरला होता. दरवर्षी चांगले गड्डे चिंधी बांधून आई बियाण्यासाठी राखायची.

आई गेली त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही. शेजारच्या काकूंनी भाकरी आणि कोबीची भाजी आणली.

“तुमच्याच परसातले गड्डे गं. मुळासकट काढले. चिंध्या दृष्टीच्या असतील म्हणून ठेवल्यात.”

बियाण्याच्या बरणीत एकही बी उरलं नव्हतं, हे त्यांना काय ठाऊक? माणसं खुणा मागे ठेवतात, अर्थ मात्र बरोबर घेऊन जातात.

“अजून वाढू?” काकूंनी विचारलं.

मी ताट पुढे केलं, आणि भाजीचा कण न् कण पुसून खाल्ला.