राव मास्टरांचा बाक

सकाळच्या पाळीची कंपनीची बस चेन्नईबाहेर श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे सिग्नलला थांबली होती, तेव्हा सेल्वमचा फोन आला. सेल्वम कधी फोन करत नाही. निरोप पाठवतो, तोही बोलून, कारण मला तमिळ नीट वाचता येत नाही हे त्याला ठाऊक आहे. त्यामुळे पडद्यावर त्याचं नाव दिसलं तेव्हाच मला अंदाज आला. तरी मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "मास्टर गेले." बसमधले सगळे माना टाकून झोपले होते. त्यांच्यात मास्टरांना ओळखणारं कुणीच नव्हतं, आणि का कोण जाणे, त्याचा मला भयंकर राग आला. कंपनीच्या फाटकाशी उतरलो, आत गेलोच नाही. रस्ता ओलांडला आणि तांबरमकडे परत फिरलो.

याला आता सहा-सात आठवडे होतील. एव्हाना मन थाऱ्यावर यायला हवं असं बायको म्हणते. माझं येत नाही. टीव्हीवर सामना लागला की मी मध्येच उठतो, गॅलरीत फेऱ्या मारतो, परत येऊन बसतो. मी मास्टरांशी अजून भांडतोय. भांडण एका जुन्या सामन्याचं आहे, आणि समोरचा माणूस आता उत्तर द्यायला नाही...

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. पेठेतल्या तालमीच्या संघातून मी खेळलो. नोकरी लागून चेन्नईला आलो तेव्हा सामानात बूट सगळ्यात वर ठेवले होते. तांबरमला एका मैदानावर पहाटे सराव चालतो असं समजलं म्हणून गेलो. त्यांनी मला घेतलं. पहिल्याच दिवशी एकाने सोपा पास चुकवला आणि माझ्या तोंडून अस्सल कोल्हापुरी शिवी गेली. इथे कुणाला कळतंय, असा हिशेब. तेवढ्यात रेषेबाहेरून, शर्टाच्या बाह्या दुमडलेला, सडसडीत, पिकल्या केसांचा एक माणूस शांतपणे म्हणाला, "तोंड सांभाळ तंबी. तुजं बोलणें समजणारा येथें एक आहे."

ते गोविंद राव. मैदानावर सगळे त्यांना मास्टर म्हणत. इकडे खेळ शिकवणाऱ्याला मास्टरच म्हणतात. आमच्या छोट्या क्लबचे मॅनेजर तेच, प्रशिक्षकही तेच. घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आलेलं. विमा कंपनीच्या कचेरीत कारकून म्हणून ते निवृत्त झाले होते. त्यांची मराठी ऐकताना मला आधी हसू यायचं. पोथीतल्यासारखे शब्द, त्यावर तमिळ हेल, आणि मध्येच "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं. मला ते तंबी म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ, जरी मी त्यांच्या मुलाच्या वयाचा होतो. मूल त्यांना नव्हतं. घरी ते आणि कमलाक्का, त्यांची बायको, दोघंच.

कोल्हापुरात मी जे शिकलो होतो ते असं: अकरा जण खेळतात, बाकीचे पाण्याच्या बाटल्या धरतात. मास्टरांच्या क्लबमध्ये हे चालणं शक्यच नव्हतं. कारण साधं होतं. आमचा निम्मा संघ पाळ्यांवर जगणारा. मी श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात, सेल्वम पार दुसऱ्या टोकाला गुम्मिडिपूंडीच्या पोलाद कारखान्यात, काही जण कॉलेजात, एक जण रुग्णालयात वॉर्डबॉय. रविवारी कोण येईल आणि कोण ओव्हरटाइममध्ये अडकेल, हे शनिवारी संध्याकाळपर्यंत देवालाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या कुणी याला अडचण म्हटलं असतं. मास्टरांनी त्यातूनच संघ बांधला. प्रत्येकाला दोन जागा शिकवल्या. मला मधल्या फळीत खेळायची सवय. त्यांनी मला महिनाभर डाव्या बगलेला बचावात घातलं. मी कुरकुरलो तर म्हणाले, तेथून मैदान कसें दिसतें तें पाहा, मग परत ये. परत आलो तेव्हा माझे पास बदलले होते. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

राखीव हा शब्द त्यांना खपत नसे. एकदा मी सहज म्हणालो, आज राखीव कोण कोण आहेत. "राखून ठेवायला तें काय लोणचें आहे?" बाकावर बसलेल्यांची नावं ते आधी घेत आणि मैदानात उतरणाऱ्यांची नंतर. आणि बदली खेळाडू त्यांनी फक्त संकटात आणला नाही. एका सामन्यात आम्ही दोन गोलांनी पुढे होतो, मी अंगात वारं शिरल्यासारखा खेळत होतो, आणि उत्तरार्ध सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच त्यांनी मला बाहेर बोलावलं. माझ्या जागी मुरुगन, रुग्णालयातला तो वॉर्डबॉय. मी बाकावर न बसता सरळ मैदानाबाहेर जाऊन उभा राहिलो. सामना संपल्यावर ते माझ्याकडे आले. म्हणाले, मुरुगनाला दर वेळीं हरतांनाच आंत पाठवलें तर त्याला खेळ म्हणजे आग विझवणेंच वाटेल. जिंकणाऱ्या संघांत खेळणें काय असतें तें त्यासही समजूं दे. मी विचारलं, आणि माझं काय? ते म्हणाले, "तुज ठावें आहे तू चांगला आहेस. त्यास अजून ठावें नाही." पुढे त्या मोसमात मी आजारी पडलो, मुरुगन माझ्या जागी सलग खेळला आणि संघाला माझी उणीव भासली नाही. आनंद व्हायला हवा होता. झालाही... थोडासा.

आता सेल्वम. आमच्या बचावाचा कणा. रात्रपाळी संपवून गुम्मिडिपूंडीहून तो लोकल पकडायचा, मध्ये गाडी बदलायची, अख्खं शहर ओलांडून तांबरमला सामन्याला हजर. मास्टर आणि तो, क्लबमध्ये सगळ्यांत जुने. मग त्याचा गुडघा गेला. एकदा बरा झाला, पुन्हा गेला. त्याच सुमारास कॉलेजातला विघ्नेश आला, उंच, वेगवान, डोकं शांत. क्लबच्या सेक्रेटरींचं म्हणणं होतं, सेल्वमला आता निरोप द्या. एका सुट्टीच्या दिवशी मला सोबत घेऊन मास्टर लोकलने गुम्मिडिपूंडीला गेले.

सेल्वमच्या बायकोने कॉफी दिली. मास्टरांनी ती संपवली, पेला खाली ठेवला आणि तमिळमध्ये सरळ सांगितलं: "तुझी जागा मी विघ्नेशला देतोय. गुडघा पहिल्यासारखा होईल असं खोटं मी सांगणार नाही. पण तू संघात आहेस. सरावाला येशील, बाकावर बसशील, आणि मला वाटलं तर खेळशील." सेल्वम भिंतीकडे पाहत होता. त्याच्या बायकोने मान खाली घातली. मग त्याने विचारलं, विघ्नेश डाव्या पायाने चेंडू काढतो का. मास्टर म्हणाले, नाही, तेच त्याला शिकवायला तू हवा आहेस. पुढच्या रविवारी सेल्वम आला. आणि त्याने विघ्नेशला खरोखर शिकवलं, स्वतःच्या जागेवर उभं करून.

भांडण आहे ते यानंतरच्या सामन्याचं. मोसमातला शेवटचा. बरोबरी झाली असती तरी आम्ही वरच्या गटात जात होतो, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा. सामना संपत आला, बरोबरी टिकून होती, आणि विघ्नेशच्या पोटरीत गोळा आला. तो उठेचना. बाकावर दोन जण होते जे त्याची जागा घेऊ शकत होते. एक अरुण, विशीतला, ताजातवाना, वर्षभर त्याच जागेसाठी तयार केलेला. दुसरा सेल्वम. अरुणने बूट आवळायला सुरुवात केली होती. मास्टर सेल्वमकडे वळले.

मी मैदानात होतो. सेल्वम आत आला तेव्हा मला बरं वाटलं नाही, इतकंच सांगतो. पहिले दोन चेंडू त्याने डोक्याने लीलया काढले. मग त्यांचा आघाडीवीर त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत धावला, सेल्वम वळला, आणि तो वळतानाच आम्हा सगळ्यांना कळलं. गुडघ्याने साथ दिली नाही. गोल झाला. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा सेल्वम गवतात बसून होता, आणि मास्टर त्याच्याकडे न जाता आधी अरुणकडे गेले. त्याच्याशी काय बोलले ते मला अजून ठाऊक नाही. अरुण सांगत नाही.

त्याच आठवड्यात सेक्रेटरींनी बैठक बोलावली. त्यांनी मास्टरांवर जुन्या मैत्रीखातर क्लबचं वर्ष घालवल्याचा ठपका ठेवला आणि सेल्वमचं नाव कमी करायला सांगितलं. मास्टर म्हणाले, त्याला मी पाठवलं, तो स्वतःहून गेला नाही; नाव कमी करायचं तर माझं करा. आणि ते उठून बाहेर आले. आम्ही बरेच जण त्यांच्यामागे बाहेर पडलो, क्लब सोडायला तयार. त्यांनी आम्हाला फाटकातच अडवलं. आयुष्यात एकदाच मी त्यांना चिडलेलं पाहिलं ते तेव्हा. म्हणाले, एक माणूस गेला म्हणून संघ मैदानात उतरत नाही, तर इतकी वर्षं मी तुम्हाला काय शिकवलं? रविवारी सामना आहे, परत जा. आम्ही परत गेलो. नवे मॅनेजर आले, चांगले निघाले. सेल्वमचं नाव राहिलं.

मी मात्र गप्प बसणारा नव्हतो. त्यांच्या घरी जाऊन विचारलं, अरुण असताना सेल्वम का? तुम्हीच शिकवलंत की कुणी कुणाच्याही जागी उतरू शकतो, मग ऐन वेळी तुम्हीच ते मोडलंत. त्याच्या कष्टांची परतफेड केलीत ना? ते खुर्चीत सरळ झाले. "दया केली असें समजूं नको. दयेनें मी कुणासही मैदानांत पाठवत नाही. मज वाटलें तो करील." मी म्हटलं, तुम्हाला असं वाटलं, कारण तो सेल्वम होता. ते खुर्चीत पुन्हा मागे टेकले. मग म्हणाले, "असेल."

त्या एका शब्दाने माझी झोप उडवली आहे. वर्षभर घाम गाळलेल्या अरुणचं काय, हा माझा प्रश्न तसाच आहे. आणि दुसरीकडे, सेल्वमला शेवटपर्यंत बाकावर बसवून ठेवलं असतं तर गुम्मिडिपूंडीला दिलेला तो शब्द म्हणजे नुसतं सांत्वन ठरलं असतं, हेही मला दिसतं. दोन्ही बाजूंनी मीच बोलतो, आणि कुणीच जिंकत नाही.

पुढे मास्टरांची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून अनेकदा डायलिसिस. कमलाक्का एकट्या कशा नेणार? मग आम्ही पाळ्या लावल्या: माझी दुसरी पाळी असेल तेव्हा सकाळी मी, विघ्नेशचं कॉलेज नसेल तेव्हा तो, मुरुगन तर त्याच रुग्णालयात कामाला. सेल्वम इतक्या लांबून यायचा आणि त्यांच्या उशाशी बसून डुलक्या घ्यायचा. अरुणही यायचा. सगळ्यांत जास्त तोच आला, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. मास्टर पडल्या पडल्या आमच्या पाळ्या बदलत. "सेल्वमास आज नको बोलावूं, त्याची रात्रपाळी झाली आहे. अरुणास सांग." शेवटच्या भेटीत त्यांनी माझा हात धरून विचारलं, रविवारी कोण खेळतंय. मी नावं सांगू लागलो. ते म्हणाले, आधी बाकावरचीं सांग.

गेल्या आठवड्यात कमलाक्कांकडे गेलो होतो. संध्याकाळ होती. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू, त्यावर कुठल्यातरी परदेशी संघांचा सामना. कमलाक्कांना फुटबॉलमधलं काही कळत नाही; या वेळी हा आवाज घरात असायचा म्हणून लावते, म्हणाल्या. मी नेहमीसारखा उठून फेऱ्या मारायला लागलो. त्यांनी मला हाताने बसवलं आणि पडद्याकडे बोट केलं. सामन्याची शेवटची मिनिटं चालली होती. रेषेबाहेर एक तरुण खेळाडू अंगात बदली खेळाडूची नारिंगी बंडी घालून धावत होता, थांबत होता, पुन्हा धावत होता. खेळाडू बदलायच्या संधी सगळ्या संपल्या होत्या. त्याला आता आत घेणं नियमातच बसत नव्हतं, हे त्यालाही ठाऊक असणार.

"तो मघापासून पळतो आहे," कमलाक्का म्हणाल्या. "त्यास आज घेतील कां रे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, "घेतील, अक्का." आणि शिट्टी वाजेपर्यंत आम्ही दोघंही त्या एकट्याकडेच पाहत बसलो.