शिवदासच्या गाडीची क्लचप्लेट

आमचा शिवदास बोरीवलीला मोटार शिकवायचा. पंचवीस वर्षं शिकवली त्याने. मार्गशीर्षात गेला. आमच्या सोसायटीत गाडी काढणारं कुणीही घ्या, त्याच्याकडेच शिकलेलं.

शिकवायची त्याची रीत एकच. "गिअरकडे काय बघतोस, रस्त्याकडे बघ. इंजिन ओरडलं की वरचा गिअर मागतंय, धडधडलं की खालचा." क्लच पूर्ण दाबायचा, गिअर टाकायचा, हळू सोडायचा आणि पाय खाली जमिनीवर. क्लचवर पाय ठेवला की आतली प्लेट घासून जळते, तसा चालवणारा म्हणजे त्याच्या लेखी गाडीचा वैरी.

आणि त्याच्याच गाडीची क्लचप्लेट चार महिन्यांत दोनदा जळाली. ड्रायव्हिंग स्कूलचे मालक नंदकुमारशेठ भडकले. म्हणाले, "आता परत जळाली तर दोघांतला एक घरी."

दोघं म्हणजे सकाळी शिवदास आणि दुपारी अबोली. अबोली नवीन, पंचविशीतली, बायकांची बॅच घ्यायची.

शिवदासला शोधायची गरजच वाटली नाही. तीच! जेवायचं सोडून दुपारी लिंक रोडला रिक्षा स्टँडमागे उभा राहून बघायचा, गाडी कशी जाते ते. गाडी परत आली की बॉनेटला नाक लावून वास घ्यायचा.

शिकवणाऱ्याच्या बाजूलापण क्लच-ब्रेक असतात, पलीकडच्याला जोडलेले. एकदा त्याने तिच्या बॅचच्या आधी त्या क्लचला खडू फासला. पाय ठेवून बसली तर पुसला जाईल ना! दोन तासांनी बघतो तर खडू जरासाच पुसलेला. दुसरा कोणी गप्प बसला असता. हा घरी येऊन बायकोला म्हणतो, "हुशार आहे. बघितलान, परत फासलान."

जानकी म्हणाली, "अहो, त्या पोरीचं सोडा. तुमची शुगर बघा आधी. काल एक चप्पल जिन्यात राहिली, तुम्हाला पत्ता नाही."

"तुला तिचा फोन आलेला काय?"

आता काय बोलायचं अशा माणसाला!

तिसरी प्लेट पण गेली. मेकॅनिक चंद्रप्रकाशने नवीन बसवली आणि म्हणाला, चला, चालवून बघू. अबोली चालवायला, शिवदास बाजूला शिकवणाऱ्याच्या जागी, चंद्रप्रकाश मागे. गोराईच्या रस्त्याला अबोलीने तिसरा टाकला, चौथा टाकला. इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी काही ओढेना.

"काका, क्लच सोडा ना."

"माझा पाय खाली आहे. तुझाच असेल."

"माझे दोन्ही पाय बघा. क्लच आपोआप खाली गेलाय."

"काहीतरी बांधलंस तू खाली!"

तिने गाडी बाजूला घेतली. चंद्रप्रकाश उतरला, दार उघडून वाकला आणि शिवदासचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. अबोलीच्या बाजूचा क्लच तिथल्या तिथे वर आला.

चंद्रप्रकाशने त्याच पायाचा अंगठा दाबला. "लागतंय?" नाही. टाच दाबली. नाही. म्हणजे ही पोरगी नाही, आपणच. किती दिवस, तेपण माहीत नाही. आणि बाजूला रोज नवीन शिकणारं माणूस, समोर रस्ता.

तसाच तो शेठकडे गेला. "शेठ, घरी जाणारा मी."

शेठनी डोळे बारीक केले. "पोरीला वाचवतोस काय रे?"

"चिमटा काढून बघा पायाला."

शेठनी खरंच काढला.

दुसऱ्या दिवशी त्याने सकाळची बॅच अबोलीच्या हवाली केली. गाडीत नाही बसला, फुटपाथवर उभा राहून एकेकाचं सांगत होता. "हे बँकवाले साहेब, तिसऱ्यावरून सरळ पहिला टाकतात, यांचा हात पकड. ही रेवती, हिला चढावर सोडू नकोस. आणि हे आजोबा आहेत ना, हे क्लच सोडला म्हणतात, सोडत नाहीत. खाली वाकून बघ गो, विश्वास ठेवू नकोस."