चंपाच्या वतीने मी टाकलेला फासा

गेल्या महिन्यातला रविवार, लातूर, आमच्या क्लासची रिकामी खोली. त्या दुपारी माझी अशी वाचा बसली की अजून कुणाला तोंडाने नीट सांगता येत नाही... म्हणून लिहितोय.

मी क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. रविवारी दुपारी सुट्टी असते, तेव्हा दोन बाक जोडून आम्ही चौघं रोल-प्लेइंग गेम खेळतो. प्रत्येकाचं एक पात्र, गोष्ट मी सांगणार, आणि एखादं काम जमेल की नाही असा प्रश्न आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला की जमलं.

खेळणारे तिघं. मुबीन आमच्याच क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. वैशाली मूळची निलंग्याची, तिचे वडील अप्पा तिकडेच असतात; ती इथे एका पतसंस्थेत नोकरी करते आणि खोली घेऊन एकटी राहते. तिसरा नितीन, माझा पहिलीपासूनचा दोस्त, बियाण्याचं दुकान आहे त्याचं.

या नितीनने खेळाची पार वाट लावली होती. आम्ही दोन-दोन तास कोडं सोडवत बसायचो आणि हा पठ्ठ्या गोष्टीतल्या वाट सांगणाऱ्या म्हाताऱ्यालाच मारून टाकायचा. मुबीनच्या झोळीतलं औषध चोरायचा, मध्येच रील बघायचा. काही म्हटलं की एकच उत्तर, "माझं पात्रच तसं हाय, मी काय करू?"

दिसत होतं हो मला सगळं. पण लहानपणापासूनचा मित्र, त्याला चारचौघांत बोलायचं कसं... भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

वैशालीचं पात्र म्हणजे चंपा, घोड्यावरून राज्यभर निरोप पोचवणारी बाई. वैशाली एरवी मोजकं बोलते. पण चंपा झाली की किल्लेदारालाही सुनावते, आणि आम्ही ऐकत राहतो.

त्या रविवारी ती निलंग्याहून थेट एसटीने आली. अंगावर साडी, केसात गजरा. एरवी जीन्स-कुर्त्यात येणारी मुलगी... मला नवल वाटलं, पण मी विचारलं नाही. नितीनने मात्र विचारलंच, "काय मॅडम, पाहुणे आल्ते का बघायला?" ती चंपाचा कागद काढून बसली.

झालं, त्याला विषय मिळाला. खेळ सुरू होताच त्याच्या पात्राने, एका सरदाराने, चंपाच्या वाटेत घोडा आडवा घातला आणि जाहीर केलं की आम्ही मुलगी बघायला आलोय. मुबीन हसला, मीही हसलो. नुसतं हसून थांबलो असतो तरी चाललं असतं... मी पाहुण्यांतली मावशी झालो. आवाज बारीक करून चंपाला विचारलं, उंची किती, भाकरी येते का, जरा चालून दाखव बाळा.

"चंपा नाही म्हणते," वैशाली म्हणाली. "तिला पुढं जायचंय."

"असं कसं? टाक की मास्तर फासा," नितीन म्हणाला. "फासा हो म्हणला तर हो."

आणि मी टाकला. एकोणीस आला. लग्न ठरलं म्हणत नितीनने बाक बडवला.

वैशालीने पेन्सिल, कागद, पाण्याची बाटली एकेक करून पिशवीत भरली. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाली, "सकाळी अप्पांनी पाहुण्यांपुढंच होकार देऊन टाकला सर. मला विचारलं न्हाई. इथं तरी विचारतील, असं वाटलं होतं."

एवढं बोलून ती गेली. नितीन पुटपुटला, "मी तर मस्करी करत होतो."

संध्याकाळी मी तिला फोन केला. आणि माझी अक्कल बघा, नितीनच्या वतीने माफी मागायला लागलो. तिने मध्येच थांबवलं. "नितीनभाऊ तसेच हायत, त्यांचं मी मनावर घेत न्हाई. फासा तुम्ही टाकला सर."

चार महिने मी मनातल्या मनात नितीनला खेळ बिघडवणारा म्हणत होतो, आणि ती समोर बसून नाही म्हणत असताना तिचा होकार ठरवायला निघालो होतो मी. जमतंय का, यासाठी असतो तो फासा. माणसाला हवंय का, ते माणसालाच विचारायचं असतं.

नितीनला दुकानात जाऊन सांगितलं, दुसऱ्याच्या पात्राला न विचारता हात लावायचा नसेल तरच ये. मग त्यात मजा काय, म्हणाला. मग नको येऊस, म्हणालो. तो अजून आलेला नाही, आणि मला त्याची आठवण येते हेही खरं.

पुढच्या रविवारी वैशाली येईल अशी आशा नव्हती, पण आली. मी आधी माफी मागितली, या वेळी स्वतःची. मग म्हणालो, तो फासा रद्द, चंपा काय म्हणते ते सांग.

तिने चंपाचा कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "नाही म्हणते." उठली, मोबाईल घेऊन व्हरांड्यात गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हाला ऐकू आलं... "अप्पा, माझा नकार हाय त्या स्थळाला. तुम्ही कळवता का मी कळवू?"

मुबीनने आणि मी एकमेकांकडे बघायचंही धाडस केलं नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर आधी तिला वाचायला दिलं, इथे टाकू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, टाका, फक्त अप्पा फोनवर काय बोलले, मी नंतर सांगितलेली ती ओळ काढा.

काढली.