भाऊसाहेबांची बदली कुणी केली?

बारामतीला पिक्चर बघायला गेलो, पण माझं लक्ष पडद्यावर कमी आणि शेजारच्या खुर्चीवर जास्त. शेजारी माझा मित्र बसला होता. आम्ही दोघंही इंदापूर तालुक्याचे वार्ताहर. पेपर वेगवेगळे, मोटारसायकल मात्र एकच, तीही त्याची. पिक्चरमध्ये दोन पत्रकार एका मंत्र्याचं प्रकरण बाहेर काढतात, म्हणून तो मला आग्रहानं घेऊन आला होता. नको म्हटलं असतं तर मला त्याचा संशय आहे हे त्याला कळलं असतं, म्हणून मीही निघालो.

प्रकरण आम्हीही काढलं होतं. एका पुढाऱ्यानं कालव्याला चोरून पाइप जोडला आणि आपली डाळिंबाची बाग भिजवली. पंचनामा झाला आणि तो कागद पाटबंधारे खात्याच्या कचेरीतून नाहीसा झाला. त्याची झेरॉक्स आम्हाला दिली तिथल्या एका कारकुनानं. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, घरी आई अंथरुणाला खिळलेली. त्यांचं नाव आम्हा तिघांपलीकडे जायचं नाही, असं ठरलं होतं. बातमी छापून आली, महिनाभर सगळं शांत. आणि मग अचानक त्यांची बदली झाली, पार दुसऱ्या जिल्ह्याच्या टोकाला.

भाऊसाहेब स्वतःहून कशाला सांगतील? मी सांगितलं नव्हतं. मग उरला कोण?

एकदा मनात किडा वळवळायला लागला की सगळंच दिसायला लागतं. मित्र हल्ली फोन पालथा ठेवायचा. पुढाऱ्याच्या माणसाबरोबर स्टँडसमोर चहा पिताना मी त्याला पाहिलं होतं. बदलीचा विषय काढला की लगेच उसाच्या तोडीवर यायचा. अठरा वर्षांची दोस्ती, आणि मी त्याच्या डब्यातली भाकरी खाताना मनात म्हणत होतो, खा लेका, इमान विकून आणलेली भाकरी खा.

पडद्यावर एक पत्रकार आपल्याच जोडीदाराला दगा देत होता. नेमका तेव्हाच मित्राचा फोन थरथरला आणि तो वाकून बाहेर गेला. मीही मागोमाग गेलो. जिन्यापाशी तो हळू आवाजात बोलत होता, "व्हय, व्हय. न्हाय सांगत त्याला. तुमी काळजी करू नका."

माझं डोकंच फिरलं. तिथंच त्याची कॉलर धरली. "किती दिवस चाललंय हे? भाऊसाहेबांचा बळी देऊन काय मिळालं तुला?"

त्यानं कॉलर सोडवली नाही. फोन माझ्यापुढं धरला. शेवटचा कॉल भाऊसाहेबांचा होता.

"बदली रद्द व्हावी म्हणून पंधरा दिवस हात जोडत फिरतोय मी," तो म्हणाला. "त्या माणसाबरुबर चहा पण त्यासाठीच पिलो. भाऊसाहेब म्हणले, त्याला सांगू नका, त्याला लई वाईट वाटंल."

"मला? मी काय केलं?"

"भाऊसाहेबांच्या पोरीच्या लग्नाला जाऊ नको म्हणलो हुतो का न्हाय? तू गेलास. पुढच्या सोफ्यावर बसलास. माईकवर नाव पुकारलं, तू उठून फेटा बांधून घेतलास. पुढारी तितंच हुता. कारकुनाचा अन् पत्रकाराचा एवढा घरोबा कशाचा, हे कळाय त्याला काय पंचनामा लागतोय व्हय?"

मान मिळाला की मला नाही म्हणता येत नाही, हे खरंच आहे. त्या दिवशी मांडवात मी फार खूश होतो.

"आन् एवढ्यावर भागलं का तुझं?" तो म्हणाला. "व्हॉट्सॲपचा डीपी बघ की स्वतःचा."

मी फोन काढला. केशरी फेट्यात मी हसत होतो आणि भाऊसाहेबांचा हात माझ्या खांद्यावर होता. तीन आठवडे झाले, तालुक्यातल्या झाडून सगळ्यांना तो फोटो मीच दाखवत होतो.